तानू दरवानाची खोळ

१ डिसेंबर, सोमवार

चार टोपरी झाली, आठ राहिली. आणि मन टोपऱ्यांत नाही.

सकाळी अंबाजोगाईहून रोहिणीचा मेसेज. 'आई, तुझ्या त्या गोष्टीचा पुण्यात मेळावा आहे, २५ जानेवारीला. वेशभूषा पण आहे म्हणे.' खाली हसणारं तोंड. लेकीला गंमत वाटली. मला घाम फुटला.

तुझी ती गोष्ट म्हणजे 'नववा प्रहर'. दोन वर्षांपूर्वी तिनंच माझ्या फोनवर लावून दिली, विणताना सोबत होईल म्हणून. ती नवव्या भागातच कंटाळली, नर्सिंगच्या अभ्यासाला लागली. मी एकसष्ट भाग ऐकले, काही तीनतीनदा. हात सुयांवर, कान शिंगणकोटात. ऐकायचीच गोष्ट ती, चित्र नाही, म्हणून तर विणणाऱ्या बाईच्या कामाची.

त्या कोटाच्या वेशीत तानू दरवान बसते. आंधळी, म्हातारी, आवाजावरून माणूस ओळखणारी. अंगावर डोक्यापासून घोट्यापर्यंत काळी खोळ. ती तिनं स्वतः विणलेली — आत जाणाऱ्या प्रत्येक माणसामागं एक ओळ. खोळ दिसते कशी, हे कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. किती टाके आहेत तेही माहीत आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी नवा भाग यायचा, मधेमधे सुट्ट्या. दिवाळीपासून बंद. एकसष्टाव्या भागावर गोष्ट तोडलीय — रात्रीत वेस उघडली, शत्रू आत शिरला, तानू बेपत्ता. पुढचं मेळाव्यानंतर. शुक्रवारची दुपार आता खायला उठते.

गोष्टीच्या ग्रुपवर चार हजार लोक. स्वतःला पहारेकरी म्हणवतात. सगळ्यांचं एकच — तानू फसली. कुणीतरी ओळखीचा आवाज काढला आणि म्हातारीनं दार उघडलं. अरे, म्हातारी आहे म्हणजे फसणारच का? आंधळी आहे म्हणजे अक्कलही गेली का? मी लिहिलं, 'तानूनं जाणूनबुजून उघडलं.' लगेच शंभर जण अंगावर. 'का, दरवान भाऊ? पुरावा द्या.'

ग्रुपवर माझं नाव 'दरवान'. दोन वर्षं ते मला पुण्याचा कुणी पोरगा समजतात. मीही कधी नाही म्हटलं नाही.

पुरावा नाही माझ्याकडे. पण ती फसली नाही. एकदा तरी हे कुणासमोर उभं राहून, तोंडानं बोलायचंय. इथं कुणाशी बोलू? शेजारच्या सुभद्राबाईंशी?

९ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. खोळ विणायची.

दिवाळीच्या कातरणीची काळी लोकर घरात आहे, सासूबाईंनी कातलेलं सूत मडक्यात भरून ठेवलंय. दुकानातली मऊ लोकर बाळाच्या टोपऱ्याला ठीक. तानूच्या अंगावर ती शोभणार नाही. हीच पाहिजे. राठ, मेंढराच्या वासाची.

सासूबाईंनी विचारलं, "येवढं सूत कावून काढलंस?"

तोंडातून पटकन गेलं, "पुण्याच्या एका बाईची ऑर्डर आहे. खोळ पाहिजे तिला."

"पुन्याची बाई आन् खोळ?" त्यांचा चेहरा असा उजळला की खोटं परत घेववेना. चाळीस वर्षं घोंगड्यांचं सूत कातलं त्यांनी. आता घोंगडी कोण घेतं! म्हणाल्या, "चांगली कर. नाव हाय आपलं."

एकेचाळिसाव्या वर्षी मी नाटकातल्यासारखं नटून पुण्यात उभी राहणार, हे त्यांना काय सांगू? आणि यांना? हे मामंजींबरोबर मेंढरं घेऊन गेवराईकडं, गोदाकाठाला. उन्हाळ्याशिवाय परत येत नाहीत. फोनवर काय बोलायचं? मेंढरं कशी आहेत, पाणी आहे का, रोहिणीची परीक्षा कधी. संपलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मेळाव्याचा फॉर्म भरला. नावाच्या जागी 'दरवान' लिहिलं, चाललं. वय रिकामं सोडलं तर पुढं जाईना. चारदा फोन बाजूला ठेवला. शेवटी ४१ लिहिलं आणि फोन उशीखाली ढकलला, जसा काही तो ओरडणार होता.

दुपारी चर्चाही आहे म्हणे — 'तानू फसली की फितूर झाली?' तिसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

एकशे साठ टाके घातले. सूत सुईवरून सरकत नाही, बोटं सोलली. छान चाललंय.

२० डिसेंबर, शनिवार

परवा शिरूरच्या दुकानातून केसरबाईंचा फोन आला, माझी टोपरी त्याच विकतात. विजयसिंहरावांच्या नातीचं बारसं आहे, मोठं घराणं, अख्खा बाळंतविडा हाताचा विणलेला पाहिजे. टोपरी, मोजे, झबली, दुपटं. आठ जानेवारीला. "तुझ्या हाताला तोड न्हाई, उज्ज्वला." कौतुक करतात तेव्हा काम दुप्पट असतं, हे मला आता पाठ झालंय.

नाही म्हणता येत नाही. सकाळी गुलाबी, दुपारी काळं. काल चुकून गुलाबी झबल्यात काळा धागा आला. आठ ओळी उसवल्या.

२७ डिसेंबर, शनिवार

रोहिणी दोन दिवसांसाठी आली. तिला सगळं सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "आई, तिथं सगळी कॉलेजची पोरं असतात. तुला हसतील. व्हिडिओ काढतील."

"काढू दे."

"आणि पप्पांना काय सांगणार?"

"तुझ्याकडं आले होते म्हणून सांगेन."

लेकीला खोटं शिकवते आहे, असं मनात आलं. मग चहा ठेवला. कप हातात घेऊन म्हणाली, "बरं, मी येते सोबत. पण मी काही घालणार नाही हं अंगावर." गेली तेव्हा जिन्नस बांधून दिले. चकल्या जास्तच दिल्या.

३ जानेवारी, शनिवार

खोळ गुडघ्याच्या खाली आली. टोपीचा भाग तीनदा उसवला. आज जमला. अंगावर टाकून आरशात पाहिलं. मी नव्हतेच तिथं. कुणीतरी बसलेलं होतं वेशीत.

सासूबाई चिंचोके भाजत होत्या. घोंगडी ताठ करणारी ही चिंचोक्याची खळ त्यांच्याशिवाय गावात कुणाला येत नाही आता. म्हटलं, कुणाचीतरी जुनी घोंगडी आली असेल.

६ जानेवारी, मंगळवार

झाली. शेवटचे टाके बंद केले. सूत राठ, तरी इतकी मऊ पडते अंगावरून! चालताना मागं हलते, उठताना आधी खांदे उठतात मग ती उठते. मी घरभर फिरले. सासूबाई देवळात गेल्या होत्या, नाहीतर वेडी झाले म्हणाल्या असत्या.

आता बाळंतविडा. दोन दिवस, मोज्यांचे तीन जोड. होईल.

८ जानेवारी, गुरुवार

केसरबाईंकडं बाळंतविडा पोचवून दुपारी परत आले. अंगणात बाजेवर खोळ ताणून ठेवलेली. चारी कडांना दगड. वर खळ. कुंच्यानं चोपडून चोपडून लावलेली, उन्हात कडक वाळलेली. हात लावला तर पापडासारखा आवाज आला.

सासूबाई शेजारी उकिडव्या बसलेल्या, हात कोपरापर्यंत चिकट. खूश. "दोन दिस चिंचोके भिजू घातलते. आगं, पुन्याच्या बाईला अशी लुळी दिऊ व्हय? म्हनंल, घोंगडीवाल्याच्या घरची खोळ आन् बिनखळीची! पानी धरायला पायजे, वारं अडवायला पायजे."

मला काय झालं मला कळलं नाही. म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? काय कळतं तुम्हाला?"

वीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. त्या उठल्या. हौदावर जाऊन हात धुवायला लागल्या. कितीतरी वेळ धूत होत्या.

९ जानेवारी, शुक्रवार

खळ निघावी म्हणून कढत पाण्यात सोडा टाकून खोळ भिजवली. चोळली. पिळली. पुन्हा कढत पाणी, पुन्हा चोळली. खळ निघाली.

आणि खोळ आटली. लोकर एकात एक गच्च बसली, टाका दिसेना. रोहिणी पाच वर्षांची असती तर तिला बेताची झाली असती. नमदा झाला नुसता.

लोकर कढत पाण्यात चोळायची नाही, हे मी दर बाळंतविड्याबरोबर आयांना बजावून सांगते. मी! खळ सासूबाईंनी लावली, पण आटवली मी. रागानं चोळली म्हणून आटली. हे इथं लिहिते, कारण कालपासून मनातल्या मनात सगळा दोष त्यांच्यावर टाकत होते.

१० जानेवारी, शनिवार

सासूबाई काल जेवल्या नाहीत. आज सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पुण्याची बाई कुणी नाही. गोष्ट आहे, मेळावा आहे, खोळ माझ्यासाठीच होती. बोलताना माझाच आवाज मला चिरका वाटत होता.

ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग आधी सांगायचं व्हतं. म्या कशाला हात लावला असता? तू म्हनलीस ऑर्डर. ऑर्डरीला खळ लागती."

खरं आहे. माझ्या खोट्यालाच त्यांनी खळ लावली. रडू आलं. त्या म्हणाल्या, "आता कावून रडती? सूत किती लागंल त्ये सांग."

घरातलं सूत अर्ध्यालाही पुरायचं नाही. त्यांनीच यांना फोन लावला. "बजरंग, काळं सूत धाड. तू आन् तुजा बाप, दोघांचं आसंल तेवढं." आणि फोन माझ्या हातात दिला! मला पळवाटच ठेवली नाही. यांनी विचारलं, "येवढं सूत कशाला?"

सांगितलं. अडखळत, भराभर, एका दमात. गोष्टीचं नावसुद्धा सांगितलं. पलीकडं मेंढरांचा आवाज. मग हे म्हणाले, "बरं." फोन बंद.

१२ जानेवारी, सोमवार

'बरं' म्हणजे काय? बरं — जा? बरं — बघतो तुला? बरं — मला काय करायचंय? दोन दिवस हाच एक शब्द घेऊन घरभर फिरतेय. दूध उतू गेलं. फोन करायचा धीर नाही, आणि त्यांचाही आला नाही.

उरलेल्या सुतावर पुन्हा टाके घातले. हात थांबले की जास्त वाईट वाटतं.

१४ जानेवारी, संक्रांत

हनुमान टेंपोवाला गेवराईहून येताना पोतं टाकून गेला. सूत! मेंढरांमागं चालता चालता कातलेलं. मामंजींचं एकसारखं, बारीक. यांचं गाठीगाठीचं, मध्येच जाड, मध्येच तुटेल असं. पोतं उलटं करून झाडलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. हनुमानला विचारलं, काही म्हणाले का? "कायी न्हाई. कानात त्ये फोनचं बोंडूक घालून बसलेत दिवसभर. हाक मारली तरी ऐकू येत न्हाई."

माझा फोन आला तरी ऐकू येऊ नये म्हणून असेल. वाणाला गेले नाही. तीळगूळ मात्र भरपूर खाल्ला, एकटीनं.

१७ जानेवारी, शनिवार

सासूबाई कातताहेत, मी विणतेय. आज त्यांनी विचारलं, "ती तानू आंधळी हाय, तर इनती कशी?"

"बोटांना कळतं, आत्याबाई."

"हां. मला बी आता चातीवरचा धागा दिसत न्हाई." आणि कातत राहिल्या. त्यांना पहिला भाग लावून दिला. अर्ध्यात मान कलली, घोरायला लागल्या. असो.

२० जानेवारी, मंगळवार

बसून बसून कंबर धरली. खोळ अजून हातभर बाकी. ग्रुपवर सगळे आपापल्या तयारीचे फोटो टाकताहेत, पुठ्ठ्याचे भाले, जरीचे फेटे. 'दरवान भाऊ, तुमचं काय?' मी फक्त लिहिलं, येतोय. 'येतेय' लिहून पुसलं होतं आधी.

२३ जानेवारी, शुक्रवार

पहिलीसारखी नाही झाली. कडेला यांच्या गाठी दिसतात. पण झाली. यांचा फोन नाही.

२५ जानेवारी, रविवार, पुणे

रोहिणीच्या मैत्रिणीच्या खोलीवर. हिरमुसून लिहितेय, अक्षर वाईट येतंय.

हॉल मोठा होता. आणखी सहा तानू होत्या — कुणी काळी चादर, कुणी ओढणी, एकीनं बाजारातला कोट घातलेला. मी स्टेजवर चालले. कुणी हसलं नाही. टाळ्या झाल्या, खूप झाल्या. 'दरवान' म्हणून पुकारलं आणि पदराच्या वर खोळ घेतलेली मी उठले, तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी होती! पंचवीस-तीस जणांनी फोटो काढले. 'किती दिवस लागले?' 'आम्हाला करून द्याल?' रोहिणी सगळ्यांना सांगत सुटली, माझी आई, माझी आई. बक्षीस दुसऱ्या कुणाला. त्याचं काही नाही.

मग चर्चा. मी हात वर केला. माईक आला. उभी राहिले आणि म्हणाले, तानू फसली नाही. फितूरही नाही. तिनं जाणूनबुजून दार उघडलं.

चर्चा चालवणारा आदिनाथ म्हणून पोरगा होता, सभ्य. त्यानं विचारलं, "मग का उघडलं, काकू?"

दिवाळीपासून ज्याची वाट पाहिली तो प्रश्न. आणि माझ्याकडं काहीच नव्हतं. काहीच! माईकमधून माझा श्वास ऐकू येत होता. मागं कुणीतरी हळूच हसलं. आदिनाथच म्हणाला, "छान, छान. काकूंसाठी टाळ्या." त्या टाळ्या मला गालात मारल्यासारख्या लागल्या.

म्हणजे मी नुसतीच हट्टी आहे. म्हातारी फसू नये असं मला वाटतं, एवढंच.

२६ जानेवारी, सोमवार

परतीची बस. नगरपर्यंत डोळे मिटून. खोळ पिशवीत, सगळ्यात खाली. ग्रुपमधून बाहेर पडले.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी यांचा फोन. कसं झालं विचारलं नाही. म्हणाले, "काल एकसष्टावा भाग झाला."

मला वाटलं मी भलतंच ऐकलं. तू नाव सांगितलंस त्या दिवशीच लावला, म्हणाले. मेंढरांमागं, रोज तीन-चार भाग. "तू म्हनतीस त्ये बराबर हाय. म्हातारी फसली न्हाई. वेस उघडायच्या आधी, वाऱ्याच्या आवाजामागं मेंढी वरडती बघ. बाहीर. चरताना वरडती तशी न्हाई. पिलू मागं ऱ्हायल्यावर वरडती, तशी. पिलू आत हाय आन् आई बाहीर. दरवानाला त्ये कळनार न्हाई तर कुनाला? तिनं त्या मेंढीसाठी दार उघडलं. शत्रू मागनं शिरला."

फोन धरूनच रोहिणीच्या जुन्या फोनवर तो भाग लावला. आहे. चार वेळा ओरडते. चार हजार माणसांनी ऐकलं आणि एकालाही कळलं नाही. मेंढरांच्या घरात वीस वर्षं काढून मलाही नाही.

यांना म्हटलं, परत सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते.